दादाचा फेटा आणि माझं बोट

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गेला, त्यात निम्मा वाटा लकव्याचा आणि निम्मा माझा, असं माझी मुलगी अपेक्षा मला कधीही तोंडावर म्हणालेली नाही. तिचं शिक्षण तसं नाही. पण "बाबा, तुम्ही प्रेमानंच केलंत" असं ती म्हणते, तेव्हा मला हातात मेमो पडल्यासारखं वाटतं. नोकरीभर मी हेडक्लार्क होतो, मेमोची भाषा मला कळते. म्हणून झालं ते एकदा क्रमानं सांगून टाकतो, म्हणजे लोकांना काय ते ठरवता येईल.

अपेक्षा ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करते आहे. आमच्या सिडकोतल्या गल्लीत याचा अर्थ कुणालाही माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर बरेच दिवस मलाही नव्हता. लोक विचारायचे, म्हणजे फिजिओच ना? मी "हो, तसंच" म्हणायचो आणि आतल्या खोलीतून अपेक्षाचं "नाही" ऐकू यायचं. शेवटी तिनं माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: फिजिओवाले हात हलवायला शिकवतात, आम्ही त्या हातानं चहा प्यायला शिकवतो. हे वाक्य मी शेजारच्या शौकतभाईंना ऐकवलं. शौकतभाईंचं क्रांती चौकाजवळ सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो आणि शौकतभाई गल्ली बघतात. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "चाय पीने को कॉलेज?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते लागलं, आणि पुढे बरेच दिवस मी त्यांच्याकडचा चहा घेतला नाही.

त्या शिक्षणातली मुख्य गोष्ट खरं तर मला तिच्या पहिल्याच सत्रात कळायला हवी होती. कॉलेजातल्या आफरीन मॅडमनी सगळ्या मुलींना आपला चालता हात ओढणीनं अंगाशी बांधून अख्खा दिवस काढायला लावला. रोग्याचं काय होतं ते पुस्तकातून कळत नाही, असं मॅडमचं मत. अपेक्षा तशीच हात बांधून रिक्षानं घरी आली आणि डाव्या हातानं जेवायला बसली. पहिला घास ताटातच पडला, आणि ते माझ्या बायकोनं, रूपानं, पाहिलं. झालं. रूपानं भाकरी कालवली आणि पोरीला भरवायला सुरुवात केली. "आई, नको, हा अभ्यास आहे," असं अपेक्षा म्हणेपर्यंत मी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी अनुभव विचारले तेव्हा बाकीच्या मुलींनी आपापले हाल सांगितले आणि आमच्या मुलीला सांगावं लागलं की ती रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच जेवली. आम्ही त्यावर खूप हसलो होतो.

माझा थोरला भाऊ धोंडिबा पाचोडला असतो. मी त्याला दादा म्हणतो. शेती करतो, पण गावात त्याची ओळख शेतीची नाही, फेट्याची आहे. कुणाच्याही घरचं लग्न असो, नवरदेवाला फेटा दादानंच बांधायचा, अशी पाचोडची रीत. त्याबद्दल तो पान-सुपारीशिवाय काही घेत नसे. मात्र नवरदेवाच्या बापानं स्वतः येऊन बोलावलं पाहिजे, निरोप पाठवलेला चालायचा नाही. दादानं बांधलेला फेटा घोड्यावर, नाचात, पंगतीत कुठंही हलत नसे. माझ्या लग्नात त्यानंच बांधला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूपाच्या मदतीनं सोडवला. आमच्या संसाराची सुरुवात त्या झटापटीनं झाली.

मागच्या थंडीत दादाला लकवा मारला. पाय हळूहळू बऱ्यापैकी चालता झाला, पण उजवा हात मनगटाखाली जड आणि बधिर राहिला. कुणी धरला तरी त्याला कळायचं नाही. दवाखान्यातून सोडल्यावर मी त्याला गाडी करून सरळ माझ्या घरी आणलं. घरात मास्टर्सवाली मुलगी असताना तो पाचोडला कशाला राहील? सारजावहिनी गुरांमुळे तिकडेच थांबल्या. गाडी सुटताना मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांला कशाचं कमी पडू देऊ नका." मी ते अक्षरशः पाळलं, आणि सगळी गडबड तिथूनच झाली.

अपेक्षानं दादाला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला: मोठे बाबा, या हातानं तुम्हाला काय करावंसं वाटतं? मी म्हणालो, जेवण. रूपा म्हणाली, आंघोळ. शौकतभाई दारातच उभे होते, ते म्हणाले, सलाम-नमस्कार जमला तरी बहोत झालं. अपेक्षानं आम्हा तिघांना बाहेर काढलं. दाराला कान लावून आम्ही ऐकत राहिलो. दादा म्हणाला, "वैशाखात संस्कृतीचं लगीन हाय. नवरदेवाला फेटा मीच बांधीन म्हन्लो व्हतो. तेवढं जमव बाई." संस्कृती म्हणजे दादाची नात, त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. अपेक्षा म्हणाली, ठीक आहे, तेवढंच जमवू. बाहेर मी आणि रूपा डोळे पुसत होतो आणि शौकतभाई आपली दस्ती आम्हा दोघांना आळीपाळीनं देत होते.

कॉलेजात कळलं की नातेवाइकावर प्रबंध लिहिता येत नाही. परीक्षेत मांडायची एक केस म्हणून मात्र चालेल, फक्त रुग्णाची लेखी संमती हवी. संमती म्हणजे सही, आणि दादाचा सहीचाच हात गेलेला. मी म्हणालो, अंगठा दे. दादा सातवी पास आहे आणि गावच्या सोसायटीचा चेअरमन राहिलेला आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी शाईचं पॅड परत खिशात घातलं. "सही जमंल तवा करीन," तो म्हणाला. म्हणजे सही जमायची तर उपचार हवेत आणि उपचार मांडायचे तर सही हवी. असा गुंता दिसला की माझ्यातला हेडक्लार्क जागा होतो. मी सविस्तर टिपण तयार करून, वर संदर्भ घालून, आफरीन मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी ते न उघडताच सांगितलं की डाव्या हाताची सही चालते. दादानं डाव्या हातानं एक वाकडी रेघ ओढली आणि मग बरेच दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही, कारण ती रेघ मी पाहिली होती.

मग अपेक्षानं घरात कायदा जाहीर केला. मोठ्या बाबांना जे थोडंही जमतं, ते त्यांनीच करायचं, कितीही वेळ लागू दे. बाकीच्यांचे हात मागे. आफरीन मॅडम म्हणे मुलींना सांगतात की या शिक्षणात सगळ्यात अवघड काही असेल तर ते आपला हात आवरणं. आमच्या घरात हा कायदा टिकणं कठीणच होतं. आमच्याकडे पाहुणा "बास" म्हणाला की खरं वाढणं सुरू होतं. तिथं थोरला भाऊ, आजारी, भाकरीचा तुकडा मोडायला धडपडतोय आणि आम्ही हात मागे धरून बघत बसलोय, हे दृश्य गल्लीला सहन होईना. शौकतभाई खिडकीतून म्हणाले, "भाईसाब, बीमार आदमी से काम करवाते? लोगां क्या बोलेंगे?" लोगां बोलतच होते. शौकतभाईंच्या घरून बिल्किसभाभी दादासाठी पायाचा रस्सा पाठवायच्या, त्यात रोटी आधीच कुस्करून, मऊ करून घातलेली असायची, म्हणजे त्याला हात लावायची गरजच नको. अपेक्षानं एकदा सांगितलं, भाभी, रोटी अख्खी पाठवा. भाभींना तो आपल्या रोटीवरचा शेरा वाटला, आणि ते निस्तरायला रूपाला एक अख्खी दुपार तिकडे बसावं लागलं.

पुढची पायरी म्हणजे खरोखरीच्या पायऱ्या. दारातल्या पायऱ्यांना कठडा असावा, म्हणजे मोठे बाबा स्वतः उतरतील, असं अपेक्षानं सुचवलं. वेल्डर आला, कठडा बसला, आणि आठवडा व्हायच्या आत कुठल्याशा कचेरीतला एक माणूस येऊन म्हणाला की कठडा सार्वजनिक जागेत आहे. मी म्हणालो, पायऱ्याही आहेत, गल्लीतल्या सगळ्यांच्याच आहेत. तो म्हणाला, पायऱ्यांबद्दल तक्रार आलेली नाही. कठड्याला परवानगी मिळेल, पण अपंगत्वाचा दाखला लावा. दाखल्यासाठी रुग्णानं स्वतः हजर व्हायचं, वरच्या मजल्यावर, जिन्यानं. दादा तिथला कठडा धरून धापा टाकत वर पोचला, तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी विचारलं की हा माणूस जिना चढून आलाय, याला अपंग कसं लिहू? दाखल्याविना आम्ही तोच जिना उतरलो. पुढे कुणीच काही केलं नाही. कठडा जागेवर राहिला आणि रूपा त्यावर चादरी वाळत घालू लागली. मग दादाला धरायला कठडा मोकळा सापडेना, म्हणून उतरताना मी त्याचा दंड धरायचो.

त्याच सुमाराला पाचोडहून एका भाच्यानं खोक्यात घालून पारवा पाठवला. लकव्यावर पारव्याचं गरम रक्त चोळतात, असा निरोपही सोबत होता. रूपानं स्पष्ट सांगितलं की या घरात असलं काही होणार नाही. गल्लीनं सगळ्यांच्या वतीनं शौकतभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, उभ्या जन्मात मी सोफ्याच्या कापडाशिवाय काही कापलेलं नाही. अपेक्षानं तर पारव्याला हात लावाल तर बघा अशी तंबीच दिली. तेव्हा पारवा गच्चीवर राहिला, आणि दादाला त्याचा लळा लागला. कॉलेजातून अपेक्षा रंगीत खुंट्या आणायची, त्या चिमटीत धरायच्या, फळीच्या भोकात बसवायच्या. दादा त्यांना शिवत नव्हता. "मी काय बालवाडीत हाय का?" म्हणायचा. पण पारव्यासाठी तो तासन्‌तास उन्हात बसून उजव्या हाताच्या चिमटीत ज्वारीचा एकेक दाणा उचलू लागला. दहा सांडायचे, एक पोचायचा. अपेक्षा हरखून गेली. तिनं ते मॅडमना सांगितलं, मॅडमनी वर्गात सांगितलं.

आणि मी काय केलं? दादा उन्हात ताटकळतोय, दाणे सांडतात तेव्हा ओशाळतोय, हे मला बघवेना. मी पहाटे उठून पारव्याला ओंजळभर ज्वारी टाकू लागलो, म्हणजे दादाला फार कष्ट नकोत. पारवा फुगला. दादा चिमटीत दाणा धरून पुढे करायचा आणि पारवा दुसरीकडे बघायचा. असं काही दिवस चाललं आणि एक दिवस पारवा उडून गेला तो परत आला नाही. दादा त्यानंतरही दोन-तीन दिवस मुठीत ज्वारी घेऊन गच्चीवर जाऊन बसत होता. अपेक्षाला सगळं कळलं तेव्हा ती नुसतं "बाबा" म्हणाली. मी म्हणालो, मला पारव्याची दया आली. खरं तेही नव्हतं.

लग्न जवळ आलं तसा अपेक्षानं फेटा काढला. आता डोकं हवं. शौकतभाईंनी पालथा माठ आणून दिला, पण माठाला कान नसतात, फेटा कशावर थांबणार? तेव्हा डोकं माझं ठरलं. रोज संध्याकाळी व्हरांड्यात खुर्चीवर मी आणि समोर उभा राहून दादा. दूधवाला विचारायचा, आज काय कार्यक्रम? गॅसवाल्यानं तर मी कुठल्या पक्षात गेलो असं विचारलं. मी ते सगळं सोसलं. हेडक्लार्क असताना माझ्या डोक्याचा कुणी इतका उपयोग केला नव्हता.

फेट्यात सगळं पहिल्या वेढ्यावर असतं. एक टोक पाठीवर सोडायचं, वेढा कपाळावरून कानामागे न्यायचा आणि तिथं उजव्या हातानं असा ओढून बसवायचा की पुढचे सगळे वेढे त्याच्या आधारानं राहतील. दादाचा डावा हात ठीक होता. पण कानामागे ओढायची वेळ आली की उजवा सैल पडायचा आणि सगळा फेटा माझ्या नाकावर यायचा. दादा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे किसना. हात गेला." माझं नाव कृष्णा, पण दादासाठी मी किसनाच. अपेक्षा म्हणायची, "परत." पुन्हा वेढे, पुन्हा नाक, पुन्हा "ऱ्हाऊ दे", पुन्हा "परत". फेट्याच्या आत अंधारात बसून मी ते "ऱ्हाऊ दे" ऐकायचो. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, त्याच्या तोंडी ते शब्द मला ऐकवत नव्हते.

एक दिवस फेटा घसरायला लागला आणि माझं बोट आपोआप कानामागे गेलं. पहिला वेढा मी बोटानं दाबून धरला. पुढचे वेढे त्यावर नीट बसत गेले. शेवटचं टोक खोचून झाल्यावर मी बोट हळूच काढून घेतलं आणि मान न हलवता बसून राहिलो. दादा दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. त्याच्या हाताला माझं बोट लागलं असणारच, पण तो हात बधिर, त्याला कळलं नाही. "बसला रं," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. लकव्यानंतर त्याचा चेहरा मी तसा पाहिलेला नव्हता. मग मी सांगणार तरी कसं?

त्यानंतर रोज माझं बोट तिथं असायचं. मानेवर हात ठेवून बसायची माझी जुनी सवय, अपेक्षानं ती लहानपणापासून पाहिलेली. ती एकदा म्हणाली, बाबा, हात खाली घ्या. मी म्हणालो, मान अवघडते गं. ती रोज पाहायची, रोज खूश व्हायची, आणि मी फेटा बांधून झाला की मान ताठ ठेवून आत जायचो आणि गडी माणसांनी टोपली उतरवावी तसा तो दोन्ही हातांनी उतरवायचो.

परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले होते. दादा नवं धोतर नेसून कॉलेजात आला. परीक्षकांनी मला विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, डोकं. सगळे हसले आणि माझ्या हाताकडे कुणी पाहिलं नाही. दादानं फेटा बांधला. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आफरीन मॅडमनी दादाशी हात मिळवला, उजव्या हातानं, आणि दादानं तो जमेल तेवढा दाबला. अपेक्षाचे डोळे भरून आले होते. आम्ही गल्लीत पेढे वाटले. शौकतभाईंना मी मुद्दाम दोन दिले आणि त्यांच्याकडचा चहाही घेतला. त्या चहाची चव मला अजून आठवते, कारण त्यानंतर इतकं निर्धास्त काही प्यायल्याचं आठवत नाही.

लग्न पाचोडला. संस्कृतीचा नवरा सत्यम फर्दापूरचा, लेण्यांपाशी त्यांच्या घरचं हॉटेल आहे. आल्यागेल्याला बांधायला हल्लीच्या पद्धतीप्रमाणे भाड्याचे फेटेवाले आणलेले होते, पण नवरदेवाचा फेटा त्यांनी बांधायचा नाही हे ठरलेलं होतं. सत्यमचे वडील रीतीप्रमाणे स्वतः दादाला बोलवायला आले. माझी योजना तयार होती. सत्यमच्या खुर्चीमागे उभं राहायचं, आणि गर्दीत कुणाला दिसणार नाही असं बोट लावायचं. मी जाऊन उभा राहिलोही. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय. मी म्हणालो, मी मुलीचा चुलत आजोबा आहे. तो म्हणाला, मग जेवताना घेतो तुमचा. आणि त्यानं मला खांद्याला धरून बायकांच्या रांगेपलीकडे नेऊन उभं केलं.

दादानं फेटा बांधला. सगळं गाव बघत होतं. शेवटचं टोक खोचलं आणि सत्यमनं पाया पडायला मान वाकवली, तसा सगळा फेटा त्याच्या खांद्यावर आला. लोक हसले, मजेनं हसले. दादाही हसला आणि परत बांधायला लागला. दुसऱ्यांदा वेढे अर्धे व्हायच्या आतच सैल पडले. आता कुणी हसलं नाही. बँडवाले वाजवायचं थांबले होते, भटजी घड्याळ बघत होते. सत्यम गुणी मुलगा. तो हळूच म्हणाला, "आबा, मागून धरू का?"

"कामून?" दादा म्हणाला. "किसना कुठं धरत व्हता?"

असं म्हणून त्यानं गर्दीत मला शोधलं. त्याला माझी साक्ष हवी होती, एवढंच. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. पण मला तेव्हाच जाणवलं की माझा हात माझ्याच मानेवर आहे आणि बोट कानामागे घट्ट दाबलेलं आहे. दादा माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग त्यानं कापड गोळा करून सत्यमच्या मांडीवर ठेवलं आणि भाड्याच्या फेटेवाल्याला म्हणाला, "बांधा वो पाव्हनं. मुहूर्त जाईल." फेटेवाल्यानं मिनिटभरात बांधला. चांगला बांधला होता, हलला नाही. दादा पंगतीत डाव्या हातानं जेवला आणि मी वाढायला गेलो तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला.

परतताना गाडीत अपेक्षानं विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कॉलेज उघडल्यावर तिनं आपण होऊन आफरीन मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी तिला तीच केस नवीन मुलींसमोर पुन्हा मांडायला लावली, खरी झाली तशी, आणि त्यात मी 'घरातील मदतनीस' म्हणून आहे. दर वर्षी राहणार, असं दिसतं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते तिनं पुढे समजावलं त्याचं. मोठ्या बाबांचा हात खरंच येत होता, ती म्हणाली. दाणा धरत होते. आणखी काही आठवडे फेटा घसरू दिला असता तर त्या हातानं ओढायला सुरुवात केली असती. तुम्ही त्याच्यावर ओढायची वेळच येऊ दिली नाही. आणि मग ते वाक्य, बाबा, तुम्ही प्रेमानंच केलंत. संस्कृतीचं लग्न काही पुन्हा होणार नव्हतं, आणि दादानं आयुष्यात आपल्यासाठी मागितलेली ती एकच गोष्ट मला आठवते.

दादा पाचोडलाच राहिला. वहिनी फोनवर सांगायच्या, हात मांडीवर ठिवून बसत्यात, कशाला लावतच नायत. अपेक्षा मला म्हणाली, मी येणार नाही, तुम्ही जा. आणि दारातून ओरडून म्हणाली, हात मागे.

मी बाजाराच्या दिवशी एसटीनं गेलो, पिशवीत फेटा घेऊन. दादा ओसरीवर बाजेवर बसला होता. वहिनींनी चहा आणला, तो त्यानं डाव्या हातानं प्यायला. मी फेटा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि खाली पाटावर बसलो, त्याच्याकडे तोंड करून.

"आता कुणाचं लगीन हाय?" दादा म्हणाला.

"कुणाचंच नाय," मी म्हणालो. "चुकलं माझं, दादा."

दादानं खांद्यावरची दस्ती काढली आणि म्हणाला, "हात फुडं कर." मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातानं त्यानं दस्ती माझ्या मनगटांभोवती फिरवली आणि एक टोक उजव्या हातात घेतलं. ते निसटलं. परत घेतलं. परत निसटलं. चुलीपाशी बसलेल्या वहिनींना राहवेना, त्या उठून गाठ मारायला आल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ऱ्हाऊ द्या." त्या थबकल्या. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टोक उचललं. कशीबशी गाठ बसली.

"तुझ्या पोरीच्या कालिजात असंच बांधत्यात ना?" असं म्हणून त्यानं फेटा उलगडला.

गाठ इतकी ढिली होती की मी नुसता मोठा श्वास घेतला असता तरी दस्ती खाली पडली असती. मी मनगटं एकमेकांना घट्ट चिकटवून बसलो. पहिला वेढा कपाळावरून कानामागे गेला आणि सगळा फेटा माझ्या नाकावर आला. आत अंधार झाला. बाहेरून दादा म्हणाला, "परत."

ती मनगटं मी चिकटवून धरली होती, ती मदत धरायची की नाही, हे मी अपेक्षाला अजून विचारलेलं नाही.